डावा पाय जमिनीला लावायचा नाही

फौजेत पोस्टिंग म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतं नाहीतर वाळू. त्या वर्षी पावसाळा संपता संपता माझी पोस्टिंग झाली वाराणसीत, दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्याच घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. शस्त्र म्हणून दोन कुबड्या. समोर गंगेकडे उघडणारी एक खिडकी. ऑर्डर सर्जनसाहेबांची, तोंडी आणि कागदावरही: डावा पाय जमिनीला लावायचा नाही, सहा आठवडे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा पायदळात नाईक होतो. आडनाव पुराणिक. वडील, म्हणजे आमचे आप्पा, घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं धर्मकृत्य करायचे. आजोबा तेच करायचे, पणजोबाही तेच. मी भरतीला गेलो तेव्हा गल्लीत सगळ्यांना वाटलं की पुराणिकांच्या पोराला ऊन लागलं. पलटणीत माझं नाव पहिल्या आठवड्यातच भटजी पडलं आणि ते शेवटपर्यंत राहिलं.

लोक विचारतात, गोळीची भीती वाटते का. वाटते. पण गोळीची भीती पाहुण्यासारखी असते, येते आणि जाते. गुडघ्याची भीती घरात राहायला येते. त्या खोलीत मी जितका घाबरलो तितका ताबारेषेवर कधी घाबरलो नाही.

गुडघा काश्मीरात गेला. आमच्या सेक्शनची गस्त नाल्यातून परत येत होती. मी सगळ्यात पुढे होतो. समोरच्या उतारावरून गोळ्यांचा एक बर्स्ट आला आणि मी एका खडकावरून खाली उडी मारली. गोळी लागली नाही. डावा पाय दोन दगडांत अडकला आणि वरचं सगळं शरीर फिरलं. आतून ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. उठायला गेलो तर गुडघा जिथे वाकला होता तिथेच अडकून बसला, सरळ होईना.

माझ्या मागे लान्स नाईक यशवंत धुमाळ होता. सातारा जिल्ह्यातला, माझ्याच वयाचा, बोलायला तिखट. त्याने रेडिओवर सांगितलं, "चार्ली टू, एक कॅजुअल्टी. चालू शकत नाही. ओव्हर."

"चार्ली टू, स्ट्रेचर पार्टी येईपर्यंत थांबा. ओव्हर."

"थांबता येत नाही. खाली आणतो. आउट."

त्याने माझी रायफल दुसऱ्या जवानाकडे दिली आणि मला पाठीवर घेतलं. त्या नाल्यातून त्याने मला पोस्टपर्यंत आणलं. सगळ्या वाटेवर त्याचा श्वास माझ्या कानाशी वाजत होता आणि मध्येच तो म्हणत होता, "भटजी, काशीचं तूप लई खाल्लंयस गड्या." पोस्टवर मला उतरवल्यावर तो दगडावर बसला आणि पुढे म्हणाला, "आता ह्याची फेड कर. मी गेलो तर मला तुझ्याच गंगेत सोडायचं. मंत्र तुझ्या बापानं म्हणायचे. तू नुस्तं उभं राहून सॅल्यूट मारायचा. बसून चालणार न्हाई."

मी म्हणालो, "दक्षिणा?"

"उधार," तो म्हणाला.

अशा गोष्टी पोस्टवर रोज बोलल्या जायच्या. त्या कोणी मनावर घ्यायचं नसतं.

मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलात मला सर्जनसाहेबांनी तपासलं. मेजर होते, कमी बोलायचे. त्यांनी दुर्बीण घालून गुडघ्याच्या आत पाहिलं. ऑपरेशननंतर त्यांनी मला समजावलं ते अजून जसंच्या तसं लक्षात आहे. हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते, गादीसारखी. माझ्या गुडघ्यात तिचा एक तुकडा निखळून सांध्यात अडकला होता. तो त्यांनी काढला. पण तिथे खाली उघडं हाड राहिलं आणि कूर्चा स्वतःहून भरून येत नाही, कारण तिला रक्त पोचत नाही.

"म्हणून मी हाडाला बारीक भोकं पाडली आहेत," ते म्हणाले. "त्यातून तुझंच रक्त वर येईल. त्याची गुठळी धरेल. त्या गुठळीतून हळूहळू नवी गादी तयार होईल. पूर्वीसारखी नाही, पण कामापुरती."

"मग मी परत पोस्टवर जाईन, सर?"

"गुठळी टिकली तर मेडिकल बोर्ड तुला फिट ठरवेल. तिच्यावर वजन पडलं आणि ती उखडली, तर माझ्याकडे दुसरं काही नाही. पाय वाकव, सरळ कर, पलंगावर दिवसभर कर. पण जमिनीला लावू नको. समजलं?"

"समजलं, सर."

फौजेत वर्षातून एकदा तब्येतीची कॅटेगरी लागते. ती खाली गेली की माणूस पलटणीतून सुटून कुठेतरी स्टोअरमध्ये नाहीतर गेटवर जातो. त्याचे मित्र वर राहतात. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

हॉस्पिटलात असतानाच धुमाळ गेल्याची बातमी आली. शेजारच्या कॉटवर आमच्या ब्रिगेडचा एक ड्रायव्हर नव्याने दाखल झाला होता, त्याने सांगितली. त्याच नाल्यात, गस्तीच्या पुढे चालताना. पुढची जागा माझी होती. मी नव्हतो म्हणून तो होता. पलंगावर पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी पुसलं नाही, कारण वॉर्डात सगळ्यांना काही ना काही दुखतच असतं.

मग मला सिक लीव्हवर घरी पाठवलं. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, सायकलसुद्धा हातात धरून आणावी लागते. चुलतभावांनी मला लाकडी खुर्चीत बसवून खांद्यावर घेतलं. चौकातला पानवाला म्हणाला, "पुराणिकजी, दूल्हा किसका है?" सगळे हसले. मी दोन्ही हातांनी गुडघा धरून बसलो होतो. वाटेत एका सांडाने रस्ता अडवला तेव्हा मला घाम फुटला. त्याने नुसती मान हलवली असती तरी खुर्ची पडली असती.

घरातली दिनचर्या मी फौजेसारखी लावली. सकाळी पाय वाकवणं, नंतर चहा, पुन्हा पाय, दुपारी जेवण, पुन्हा पाय. माझी बायको सुमन प्रत्येक वेळी दाराशी उभी राहायची. तिचं माहेर इथलंच, दोन घाट पलीकडचं, त्यामुळे मराठीत हिंदी किती मिसळते ते तिलाही कळायचं नाही.

"अहो, आहिस्ता. जल्दी काय आहे?"

"जल्दी बोर्डाला आहे."

"बोर्ड गेला भाडमध्ये. न्हाणीत जाताना फर्शी गीली आहे, मला आवाज द्यायचा."

मी आवाज द्यायचो. ज्या माणसाने बर्फात रात्री काढल्या, तो न्हाणीघराच्या ओल्या फरशीला घाबरत होता. कुबडीचं रबर जरा सरकलं तरी मी भिंत धरायचो. माकडं गच्चीवरून खिडकीशी यायची, तर मी कुबडी उगारण्याऐवजी पाय आधी आत घ्यायचो. झोपेत आपण पाय टाकून उभे राहू, अशी भीती वाटून मी डावा घोटा पलंगाच्या दांडीला पंच्याने बांधून झोपायचो. सुमनने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने पंच्याऐवजी मऊ जुनं लुगडं आणून ठेवलं.

एका संध्याकाळी आप्पा वर आले. ते सहसा वर यायचे नाहीत, त्यांनाही गुडघे होतेच. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "साताऱ्याहून धुमाळ म्हणून गृहस्थ आलेत. अस्थी घेऊन. पलटणीने एक सुभेदार आणि चार जवान सोबत दिलेत. माझं नाव विचारत आले."

मी पाय वाकवला, सरळ केला.

"उद्या सकाळी करू," आप्पा म्हणाले. "तू खिडकीतून बघ. नाव मधल्या धारेला जाईल, इथून साफ दिसते. पाणी नुकतंच उतरलंय, सीढ्यांवर हातभर मिट्टी आहे. पंप लावलाय, पण अजून सगळी धुतली नाही. मी त्यांना समजावून सांगतो."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. खिडकीतून सॅल्यूट केला तरी तो सॅल्यूटच. सर्जनची ऑर्डर होती, वडिलांची परवानगी होती.

सकाळी धुमाळचे वडील घरी आले. त्यांना गावात तात्या म्हणत. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा फेटा. हातात लाल कापडात बांधलेलं मडकं होतं आणि ते त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. मला बघून ते दारातच थांबले. माझ्या पायाकडे पाहिलं.

"ह्योच का त्यो पाय?" त्यांनी विचारलं.

"हो तात्या."

"येशवंतानं पत्रात लिवलं हुतं. भटजीला पाठीवर आनला म्हून. लई खूश हुता." मग त्यांनी मडकं छातीशी धरलं. "तुमी बसा. उठू नगा. आप्पांनी मला समदं सांगितलंय. पाय जपा."

एवढंच. त्यांनी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी नाही म्हणू शकलो असतो. ते जिना उतरायला लागले तेव्हा मी सुमनला म्हणालो, "वर्दी काढ."

"नाही."

"सुमन, वर्दी काढ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ट्रंक उघडली.

घरातला जिना मी बसून, एकेक पायरी सरकत उतरलो, लहान मुलं उतरतात तसा. गल्लीत उभा राहिलो. घाटाच्या पायऱ्यांवर मात्र वर्दीत बसून सरकायचं मला जमेना. कुबड्या खालच्या पायरीवर टेकवायच्या, उजवा पाय उतरवायचा, डावा हवेत. वरच्या पायऱ्या धुतलेल्या होत्या. खाली चिखल होता, पिवळट, चकाकणारा, वरून सुकलेला आणि आतून लोण्यासारखा. कुबडी टेकवली की जरा थांबून ती सरकते का बघायचं, मग वजन द्यायचं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. सुमन माझ्यापुढे एक पायरी खाली, तोंड माझ्याकडे करून, उलटी उतरत होती.

"बाजूला हो," मी म्हणालो. "पडलो तर तुझ्यावर पडेन."

"म्हणूनच इथे आहे. पडायचं असेल तर आधी मला पाडा."

मी पाण्याकडे बघितलं नाही. धुमाळचा विचार केला नाही. एकच विचार होता: रबर, दगड, रबर, दगड. गुडघ्याच्या आत एक गुठळी आहे आणि ती माझी सगळी नोकरी आहे. त्या पायऱ्यांवरून मी लहानपणी पतंगामागे पळत उतरलो होतो. आता त्या संपत नव्हत्या.

शेवटी सपाट जागा आली, पंपाने धुतलेली, कोरडी. मी पोचलो. पाय शाबूत होता. आप्पांचे विधी चालू होते. तात्यांनी मला बघितलं आणि मान खाली घातली. सुभेदारसाहेब माझ्याजवळ आले. जुने गृहस्थ, आम्ही रंगरूट, म्हणजे नवे भरती, असताना परेड शिकवायला तेच होते. माझ्या कानाशी हळू म्हणाले, "पुराणिक, तू आराम से. कुछ नहीं करना है. खडा रह."

"जी साब."

मी उजव्या पायावर उभा राहिलो, दोन्ही कुबड्या काखेत, डावा पाय किंचित मागे वाकलेला. भीती उतरली होती. मला वाटलं, झालं. आता फक्त परत वर जायचं. आणि त्या मोकळ्या झालेल्या मनात पहिल्यांदा धुमाळ आला. तो दगडावर बसलेला, धापा टाकत, उधार म्हणणारा.

तात्या मडकं घेऊन नावेत बसले. आप्पा त्यांच्या शेजारी. मल्लाहाने काठी रेटली. नाव सुटली.

"पार्टी," सुभेदारसाहेबांचा आवाज आला. "सावधान."

ज्यांनी परेड केली नाही त्यांना हे सांगावं लागेल. सावधान म्हटलं की उजवा पाय जागेवर राहतो. डावा उचलायचा आणि उजव्याशेजारी टाच आपटून आणायचा. रंगरूटाला हे महिनोन् महिने घोटून शिकवतात, टाच वाजेपर्यंत सोडत नाहीत. मग एक दिवस असा येतो की ते डोक्याला विचारावं लागत नाही. मला ज्यांनी शिकवलं त्यांचाच तो आवाज होता.

माझा डावा पाय उचलला गेला आणि दगडावर आपटला.

चार जवानांच्या टाचांबरोबर माझी टाच वाजली. एकच आवाज आला, चांगल्या परेडला येतो तसा. एक कुबडी निसटली आणि दगडावर खडखडत गेली. सुमनने तोंडावर हात घेतला. गुडघ्यातून एक कळ मांडीत आणि तिथून पोटात गेली. सुभेदारसाहेबांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण पुढची ऑर्डर त्यांना द्यावीच लागली.

"सामने सॅल्यूट."

मी दोन्ही पायांवर उभा होतो. सॅल्यूट केला. नाव धारेत पोचली, तात्यांनी मडकं सोडलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. जवानांना वाटलं मित्रासाठी रडतोय. तेव्हा मी भीतीने रडत होतो. गेली गुठळी, गेली पलटण, एवढंच डोक्यात होतं.

मला चार जवानांनी उचलून वर आणलं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. आप्पा बर्फ घेऊन आले आणि पलंगाशी बसून राहिले. बर्फ बदलताना म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही रे बाबा." जाण्यापूर्वी तात्या वर आले. त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी हलका, आणि तसाच ठेवून बसले. वजन पडू नये म्हणून कोपर पलंगाच्या कडेवर टेकवलं होतं. माझ्या लक्षात आलं की हा माणूसही घाबरलाय, माझ्यासाठी.

पुढचे आठवडे सांगण्यासारखे नाहीत. मी पाय वाकवत राहिलो आणि प्रत्येक वेळी आत काही खरखरतंय का ते ऐकत राहिलो. दुधाने तोंड पोळलेल्याची गत, मी पलंगावरून चहाचा कप उचलायलाही सुमनला हाक मारायचो.

रिव्ह्यूला सर्जनसाहेबांनी गुडघा हातात घेतला, वाकवला, पुन्हा वाकवला.

"वजन दिलंस?"

"एकदा, सर."

"का?"

"सावधान झालो, सर."

त्यांनी गुडघा खाली ठेवला. "ऑर्डर कोणाची?"

"सुभेदारसाहेबांची."

"मी मेजर आहे. माझी ऑर्डर मोठी होती."

"जी सर."

त्यांनी फाईल बंद केली. मग विचारलं, "कोण होता तो?" मी सांगितलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "गुठळी सगळी गेली की थोडी राहिली, ते मला आज सांगता येणार नाही. बोर्डासाठी मला जे दिसतंय तेच लिहावं लागेल."

कॅटेगरी खाली आली. उरलेली नोकरी मी स्टोअरमध्ये केली, ब्लँकेट आणि बूट मोजत. पलटणीत परत गेलो नाही. ते दुखलं, आणि गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.

आता मी पेन्शनवर आहे, त्याच घरात, फक्त खालच्या मजल्यावर. गेल्या वर्षी गुडघा फारच बोलायला लागला म्हणून शहरातल्या एका तरुण हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एमआरआय काढला. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे कोणीतरी छान काम केलंय, अंकल. बरीचशी नवी कूर्चा धरलेली आहे. फक्त या एका कोपऱ्यात नाही."

मी त्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. बोटाच्या नखाएवढा होता. बाकीची गुठळी टिकली होती, इतकी वर्षं, आणि मला ते माहीत नव्हतं.

मग त्यांनी नव्या उपचाराबद्दल सांगितलं, पीआरपी. दंडातून माझंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, त्यातला प्लेटलेट्सने भरलेला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि सुईने गुडघ्यात सोडायचा. खात्री देत नाही म्हणाले, पण पुष्कळांचं दुखणं कमी होतं. मी म्हणालो, माझंच रक्त माझ्याच गुडघ्यात, हे माझं दुसऱ्यांदा. ते हसले.

"पुढच्या आठवड्यात करून टाकू," ते म्हणाले. "नंतर काही आठवडे जपायचं. पळायचं नाही, पाय आपटायचा नाही."

सुमन शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याआधी तीच बोलली. "डॉक्टरसाहेब, पुढच्या आठवड्यात नाही होणार. त्याच्यानंतर द्या."

"काही कार्यक्रम आहे का?"

"हो," ती म्हणाली. "घाटावर एक दिवस यांना पाय आपटावा लागतो. दर वर्षी."

डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली.

धुमाळला गंगेत सोडलं त्या तारखेला सकाळी आम्ही उतरलो. पाणी नुकतंच ओसरलं होतं, पायऱ्यांवर मिट्टी होती. सुमन माझ्यापुढे एक पायरी खाली, तोंड माझ्याकडे करून. तिचेही केस आता पांढरे आहेत. भीती अजून तेवढीच वाटते, ती काही निवृत्त झाली नाही. सपाट जागेवर पोचल्यावर मी काठी तिच्या हातात दिली. सुभेदारसाहेब आता नाहीत, तात्या नाहीत, आप्पाही नाहीत. ऑर्डर द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून आधी त्याचं नाव घेतो आणि ऑर्डर मीच मला देतो, हळू आवाजात.

लान्स नाईक यशवंत धुमाळ. सावधान.